कॉमर्स घे, म्हणत होती आई

दहावीचा निकाल लागला तेव्हा आमच्या घरात चार माणसं होती आणि त्यातल्या तिघांचं एकमत होतं. मी फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स घ्यायचं. आजोबांचं, पप्पांचं आणि माझं. चौथी आई. ती म्हणत होती, कॉमर्स घे.

का, ते सांगत नव्हती. मी मात्र सरळ सांगून टाकतो, कारण ही गोष्ट लपवून लपवूनच आमच्या घराचं वाटोळं झालं. मला लाल आणि हिरवा नीट ओळखता येत नाही. जन्मापासून. आईला हे मी सहा-सात वर्षांचा असल्यापासून माहीत होतं. मला माहीत नव्हतं. हसा खुशाल, पण खरंच माहीत नव्हतं. मला जे दिसत होतं तेच सगळ्यांना दिसत असणार, असंच धरून चाललो होतो मी. बाकीच्यांना त्याहून जास्तीचं काही दिसतंय हे कुणी सांगितल्याशिवाय कळणार कसं?

आई घरी ब्लाउज शिवायची, फॉल-पिको करायची. एकदा तिनं मला डब्यातली लाल रीळ मागितली, मी हिरवी दिली. तिला वाटलं, मस्ती करतोय. परत मागितली, तर चॉकलेटी दिली. मग म्हणे ती कितीतरी वेळ मशीन थांबवून नुसती बसून राहिली. त्यानंतर तिनं मला मॅचिंगचा दोरा आणायला कधी दुकानात पाठवलं नाही, टमाटे आणायलाही नाही. माझ्या पँटींना कमरेच्या आतून टाके घालून ठेवायची. एक टाका असेल तर चौकटीचा शर्ट, दोन असतील तर पट्ट्यांचा. मला वाटायचं, सगळ्यांच्याच आया असं करतात.

ही टाक्यांची युक्ती ती तिच्या आईकडून शिकली होती. कारण नानांना, म्हणजे आईच्या वडिलांना, हेच होतं. तरुणपणी ते रेल्वेत इंजिनावर लागणार होते. सगळं झालं होतं, डोळ्यांच्या तपासणीत बाहेर काढलं. मग उभा जन्म त्यांनी कापडगिरणीत गाठी उचलल्या. भाऊबंदांनी त्यांचं नाव 'सिग्नल' पाडलं. लग्नाकार्यात दोन-चार जण जमले की कुणीतरी विचारायचंच, "काय सिग्नल, लाल का हिरवा?" आणि सगळे हसायचे. आई लहान होती, तिच्यासमोर हसायचे. तिचं लग्न ठरलं तेव्हा नानांनी तिला बाजूला घेऊन बजावलं होतं की सासरी यातलं अक्षर काढायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि सासर कसलं, तर आमचं. महूच्या फौजी लाइनीतलं. पणजोबा फौजेत, आजोबा सुभेदार होऊन रिटायर झालेले. आमच्याकडे माणसाची किंमत उंची, छाती आणि नजर यांवर ठरायची. पप्पा भरतीला दोनदा गेले, दोन्ही वेळा छाती फुगवूनही कमी पडली. मग सगळ्यांना घेऊन इंदूरला आले आणि सांवेर रोडवरच्या एका इंजिनिअरिंगच्या कारखान्यात स्टोअरकीपर लागले. आजोबा त्यांना कधी वाईट बोलले नाहीत. फक्त कुणाशी ओळख करून देताना म्हणायचे, "हा आमचा फॅक्टरीवाला." पप्पा मान खाली घालून हसायचे. पन्नाशीच्या माणसाला बापाच्या एका शब्दावर असं हसताना बघणं फार वाईट असतं, भिया.

तर आता पाळी माझी होती. मी तेरा वर्षांचा असताना बोलून गेलो होतो की मी विमान उडवणार, फौजेचं. आजोबांनी ते वाक्य पकडूनच ठेवलं. "शिपाई बहोत हो गए, आता अफसर पाहिजे घरात." विमान उडवणारा अफसर व्हायचं तर अकरावी-बारावीत फिजिक्स आणि मॅथ्स पाहिजेच, त्याशिवाय परीक्षेचा फॉर्मच भरता येत नाही. म्हणून आमच्या घरात विषय निवडायचा प्रश्नच नव्हता. तो निवडलेलाच होता.

आणि मध्येच आईचं हे कॉमर्स. आधी भाजी निवडता निवडता म्हणाली. मग ताट वाढताना. "बँकेत लागशील, ए.सी.त बसशील." "मॅथ्स खूप अवघड असतं म्हणे अकरावीत." मला गणितात अठ्ठ्याण्णव होते आणि ही मला गणिताची भीती घालत होती! पप्पा म्हणायचे, "अगं, तुला काय समजतं त्यातलं?" आजोबा तर ऐकलं न ऐकल्यासारखं करायचे. आम्ही तिघं तिला हसायचो. खोटं कशाला बोलू, मी सगळ्यात जास्त हसायचो.

ॲडमिशनची शेवटची तारीख चार दिवसांवर आली आणि माझी मार्कशीट सापडेना. दोन दिवस घर उलथंपालथं केलं. पप्पांनी कपाट रिकामं केलं, गाद्या उचलल्या. आजोबा बसल्या जागेवरून ऑर्डरी देत होते. आई पण शोधत होती आमच्याबरोबर, खाली वाकून, पलंगाखाली हात घालून. मला तिसऱ्या दिवशी दुपारी मिळाली. गिऱ्हाइकांचे ब्लाउजपीस ठेवायची एक पिशवी होती, तिच्या तळाशी, कागदात गुंडाळून. पप्पा कामावर होते, आजोबा शेजारी गेले होते. मी मार्कशीट हातात घेऊन उभा, आणि आई दारात.

ती आत आली, माझ्यासमोर जमिनीवर बसली. "बस ना जरा," म्हणाली, "मला तुला एक सांगायचंय."

मी बसलो नाही. माझं डोकं सटकलं होतं. मी म्हणालो, "तू काय सांगणार मला? आठवी पास तू. सुईत दोरा ओवता येतो ना, तेवढं कर. मला तुझ्या बापासारखी हमाली करत मरायचं नाहीये."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. नानांना जाऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. मला त्यांचं डोळ्यांचं काहीच ठाऊक नव्हतं, गाठी उचलायचे एवढंच माहीत होतं. आई उठली, ओढणी सारखी केली आणि आत गेली. त्या दुपारी ती मला सगळं सांगायलाच आली होती, हे तिनं मला खूप नंतर सांगितलं. पण त्या वाक्यानंतर तिच्या तोंडून शब्द निघेना. तिला वाटलं, ह्याला आत्ता सांगितलं तर हा पण माझ्या बापाला सिग्नल म्हणेल.

संध्याकाळी मी पप्पांना मार्कशीट कुठे मिळाली ते सांगितलं. आजोबांनी ऐकलं आणि एकच म्हणाले, "घरातलीच माणसं उलटली, तर फौज काय करेल." दुसऱ्या दिवशी मी फॉर्मवर पी.सी.एम.च्या चौकोनात बरोबरची खूण केली.

आता कुणी म्हणेल, सायन्स घेतलं म्हणजे लॅब आली, तिथे दोन दिवसांत कळलं असतं. कळलं असतं ना! पण आमच्याकडे एक सोय आहे, तिला डमी म्हणतात. शाळेत नाव घालायचं आणि शाळेत जायचंच नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत कोचिंग. हजेरी शाळा लावून टाकते. माझ्या बॅचमधली निम्मी पोरं डमीच होती. दोन वर्षांत मी त्या शाळेची लॅब एकदाच बघितली, बारावीच्या प्रॅक्टिकलला. केमिस्ट्रीचं टायट्रेशन होतं. वरून थेंब थेंब सोडायचा आणि खालच्या पाण्याला गुलाबी झाक आली की थांबायचं. सगळ्यांची रीडिंगं सरांनी फळ्यावर आधीच लिहून ठेवली होती. "भिया लोग, बस यही उतार लो." माझ्या शेजारचा "आला, आला" ओरडला तसा मीही नळ बंद केला. खाली काय आलं होतं ते मी नीट बघितलंसुद्धा नाही. मार्क पूर्ण मिळाले.

प्रॅक्टिकलची फाइल रंगीत पेनांनी सजवायची असते. ती आईनं सजवून दिली होती. हेडिंगं लाल, आकृत्या हिरव्या. "तू अभ्यास कर, मी करते," म्हणाली. आठवी पास बाई, इंग्रजी अक्षरं एकेक करून उतरवत बसली होती. मी थँक्यूसुद्धा म्हटलं नाही.

लेखी परीक्षा मी पहिल्या फटक्यात काढली. मग पाच दिवसांची मुलाखत, धावणं, दोरावर चढणं, ग्रुपमध्ये बोलणं. त्यातूनही निघालो. आमच्या बॅचमधून गेलेल्या अकरा जणांत मी एकटा. फोन केला तेव्हा पप्पा नुसतं "हो, हो" करत होते. आजोबांनी विहारात पेढे वाटले. राजेंद्र नगरात आम्ही भाड्यानं राहायचो, तिथल्या ज्यांच्याशी वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं त्यांच्याही घरी डबा गेला. आता फक्त मेडिकल बाकी होतं. आणि मेडिकलचं मला काय? मी घोड्यासारखा धडधाकट होतो.

निघताना आई गाडीपर्यंत आली. माझी बॅग सोडत नव्हती हातातून. म्हणाली, "नाही झालं तरी घरी ये हं. सरळ घरी ये." मला इतका राग आला! शुभ काम करायला निघालोय आणि ही अशी अपशकुनी बोलते. मी बॅग ओढून घेतली.

मेडिकलला तिसऱ्या दिवशी डोळे होते. लांबची अक्षरं मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. मग डॉक्टरनं एक पुस्तक उघडलं. पानावर ठिपकेच ठिपके. "नंबर बताओ." पहिल्या पानावरचा बारा मी सांगितला. पुढच्या पानावर काहीच नव्हतं. मी म्हणालो, "खाली है, सर." त्यानं पान उलटलं. "ये?" "ये भी खाली है." माझ्या मागे उभा असलेला मुलगा हळूच हसला. मला वाटलं, पुस्तकच खराब आहे. डॉक्टरनं पुढची पानं भराभरा उलटली, मग पुस्तक मिटलं आणि माझ्याकडे बघितलं. चांगला माणूस होता. म्हणाला, "बेटा, तुमको पता नहीं था?"

"क्या सर?"

मग त्यानं सांगितलं. मी ऐकत होतो आणि मला ते दुसऱ्या कुणाबद्दल चाललंय असं वाटत होतं. अपील केलं, दुसऱ्या जागी परत तपासलं, दिवे दाखवून. तेच. तिथल्या डॉक्टरनं कागदावर सही करता करता विचारलं, "नाना को था क्या? ये माँ की तरफ़ से आता है." यात मुलाचा दोष नसतो, आईचाही नसतो, तिला स्वतःला तर सगळं नीट दिसतं, हेही तो म्हणाला. पण माझ्या कानात एवढंच राहिलं, माँ की तरफ़ से.

परतीच्या गाडीत बारा तास मी एकेक गोष्ट जोडत आलो. टाके. फाइल. टमाटे. मार्कशीट. कॉमर्स. आणि डॉक्टरनं विचारलेले नाना. तिला माहीत होतं. तिनं मला स्वप्न बघू दिलं, पळू दिलं, दोरावर चढू दिलं. मी जसजसा इंदूरजवळ येत गेलो तसतसा माझा राग वाढतच गेला. माझं विमान गेलं होतं आणि मला कुणाचा तरी गळा पाहिजे होता.

घरी पोचलो तेव्हा सगळे बसलेले होते. फोनवर मी फक्त "नाही झालं" एवढंच सांगितलं होतं. पप्पांनी विचारलं, "काय निघालं?" मी सांगितलं. आजोबा म्हणाले, "हे आपल्यात कसं आलं? आपल्या सात पिढ्यांत नाही."

इथे मी गप्प बसू शकलो असतो. नशीब म्हणून सोडून देऊ शकलो असतो. डॉक्टरनं मला जे सांगितलं होतं ते त्या खोलीत आई सोडून दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात पाण्याचा ग्लास होता, माझ्यासाठी. ती माझ्याकडे बघत होती. तिनं मान हलवली नाही, खूण केली नाही, काही नाही. नुसती बघत होती.

मी तिच्याकडे बोट केलं. "हिच्याकडून आलंय. हिच्या बापाला होतं. हिला पहिल्यापासून माहीत होतं."

नंतर जे झालं त्यात आरडाओरडा नव्हता, तो असता तर परवडला असता. पप्पांनी विचारलं, "माहीत होतं?" ती म्हणाली, "होतं." पप्पा उठून बाहेर गेले. आजोबा म्हणाले, "फसवलं आम्हाला. लग्नातच फसवलं. एका आंधळ्यानं आपली पोरगी आमच्या गळ्यात मारली." आई एवढंच म्हणाली, "माझ्या वडिलांना मध्ये आणू नका." पाण्याचा ग्लास तिनं माझ्यापुढे ठेवला आणि आत गेली.

त्या दिवसापासून आजोबांनी तिच्या हातचं जेवण सोडलं. पप्पा डबा करून द्यायचे त्यांना, ऐंशीच्या माणसाला, कामावर जायच्या आधी. आजोबा त्यानंतर चार वर्षं जगले आणि त्या चार वर्षांत तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. आजारपणात सगळं तिनंच केलं, अंग पुसण्यापासून, आणि ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. पप्पा बोलायचे तिच्याशी, पण कामापुरतं. बघा, हे सगळं मी केलं. एका वाक्यात. आईनं मला त्याबद्दल कधी विचारलं नाही. दोन वर्षांनी एकदा मीच तिच्याजवळ बसून रडलो, तेव्हा तिनं मार्कशीटच्या दुपारचं सांगितलं, तेही माझं रडणं थांबवायला म्हणून. "मी पण चुकले रे. आधीच सांगायला पाहिजे होतं. हिंमत नाही झाली." माझ्या पाठीवरून हात फिरवत होती.

मी पुढे बी.एस्सी. केलं. त्या फिजिक्सचा आणि मॅथ्सचा मला काडीचा उपयोग झाला नाही. आता सांवेर रोडवरच एका गोदामात डिस्पॅच बघतो. बाहेरच्यांना आम्ही एकच सांगितलं होतं की मेडिकलमध्ये गुडघ्याचं काहीतरी निघालं. हे आजोबांनीच ठरवलं होतं. गुडघ्याला कुणी हसत नाही.

माझं लग्न ठरताना मुलीच्या काकांनी विचारलं होतं, "तब्येतीचं काही आहे का, जी?" पप्पा म्हणाले, "नाही, गुडघा जरा, बस." मी मान हलवली. मीसुद्धा. आई चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभी होती. तिनं सगळ्यांना चहा दिला.

आता मला मुलगी आहे, तीन वर्षांची. मी डॉक्टरला विचारून घेतलंय. तिला सगळे रंग दिसतील, पण माझं हे तिच्यात उतरलेलंच आहे, आणि उद्या तिला मुलगा झाला तर त्याला होऊ शकतं. बायकोला मी हे सांगितलेलं नाही. तिला गुडघाच माहीत आहे. रोज ठरवतो आणि रोज राहून जातं. तिच्या माहेरची माणसं काय म्हणतील, तिला काय वाटेल, लग्नातच फसवलं असं म्हणेल का. म्हणेलच ना. आजोबा म्हणाले तसंच.

परवा रविवारी बायको बाजारात गेली होती. आई मुलीला मांडीवर घेऊन बसली होती, आणि मुलगी तिच्या डब्यातल्या रिळी एकेक काढून रंगांची नावं सांगत होती, सगळी बरोबर. लाल, हिरवा, चॉकलेटी. आईनं माझ्याकडे बघितलं. "सुनबाईला सांगितलंस का?"

"नाही."

आणि मी, पस्तिशीचा माणूस, तिच्याजवळ सरकलो आणि हळू आवाजात म्हणालो, "तू नको सांगू हं तिला."

"नाही रे," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. मुलीच्या हातातली रीळ घेऊन तिनं परत डब्यात ठेवली. "मी नाही सांगणार. सांगितलं की काय होतं, ते मला माहीत आहे ना."